तीन दिवस कमी

“विचारा, न्या देओलिंदा, काहीही विचारा. त्यात लाजायचं काय?” बारेइरोसाहेब भिंतीवरच्या मोठ्या पडद्याशेजारी उभे होते, नव्या सुनेचे गुण सांगणाऱ्या सासऱ्यासारखे.

विमा कंपनीच्या त्या कचेरीत दहा वाजताचा तेरेरे चालू होता. ऑक्टोबरात असुन्सियोन तापतं. बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या पाल्याचं ते पेय पोटात गेल्याशिवाय कुणाचं डोकं चालत नाही. पाचजण गोल करून, शिंगाचा पेला एक, नळी एक. भरायचं काम न्या देओलिंदाचं; ‘न्या’ म्हणजे तिकडचं ‘बाई’. ती भरून द्यायची, पिणारा रिकामा पेला मुकाट्याने परत करायचा. मुकाट्याने, कारण परत करताना जो ‘आभार’ म्हणेल त्याचा फेरा संपला. मग त्याला कुणी विचारत नाही.

एरवी ती दप्तरखाना सांभाळायची. कुठला करार कुठल्या कपाटात, ते फक्त तिला ठाऊक. गेले आठ महिने तेच कागद तिने एकेक करून यंत्राच्या तोंडात घातले होते. आता यंत्र कचेरीतलं सगळं वाचून बसलं होतं. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, वर कुठल्या कागदावरून दिलं तेही सांगायचं.

“कागदाशिवाय एक शब्द बोलत नाही हे. म्हणजे आता दर पाच मिनिटांनी न्या देओलिंदाला हाका मारायला नकोत,” साहेब म्हणाले. “त्यांनाही जरा विश्रांती.”

“विश्रांती किती दिवसांची तेच विचारा की,” दावे बघणारी निमिया म्हणाली. “नोव्हेंबर संपला की दहा वर्षं भरतात ना तुमची?”

दहा वर्षं भरली की रजा अठरा दिवसांची तीस होते. आणि मुख्य म्हणजे, मग माणसाला सहजासहजी काढता येत नाही. हे त्या शहरात नोकरी लागण्याआधीच पाठ झालेलं असतं.

न्या देओलिंदाने हात पुसले आणि एका बोटाने लिहिलं: ‘मी देओलिंदा ओवेलार. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर मला किती रजा मिळेल?’

साहेबांना स्वतःचा आवाज आवडतो. उत्तर ते मोठ्याने वाचू लागले.

“‘नमस्कार, देओलिंदा. दहा वर्षांनंतर वर्षाला तीस दिवस रजा मिळते. तुमच्या बाबतीत मात्र हा प्रश्न येणार नाही. तुमची नोकरी सत्तावीस नोव्हेंबरला संपत असून...’”

साहेबांनी वाचणं तिथेच थांबवलं. उरलेलं निमियाने वाचलं, एकेक शब्द सुटा करून.

“‘...दहा वर्षं भरायला तीन दिवस कमी पडतात. कारण: दप्तर शोधण्याचं काम आता माझ्याकडे आहे. आधार: सामायिक कप्पा ‘किरकोळ’, फाइल ‘यादी नवीन शेवटची दोन’. यादी करणारे: बारेइरो. आणखी काही मदत हवी आहे का?’”

‘किरकोळ’ हा कप्पा सगळ्यांना उघडा होता. साहेबांनी यादी तिथे ठेवली, यात तसा मूर्खपणा नव्हता. त्या कप्प्यातून आजवर कुणाला काही सापडलंच नव्हतं. पसारा हेच या कचेरीचं कुलूप होतं. किल्ली साहेबांनीच वाजतगाजत आणली.

“अहो, हा कच्चा मसुदा आहे,” साहेब म्हणाले. “आणि यंत्र चुकतंही कधीकधी. मनाचं काहीतरी सांगतं.”

“आत्ताच तर म्हणालात, कागदाशिवाय बोलत नाही.” निमियाने फोनवर तीच यादी उघडून आपलं नाव शोधलं होतं. तिचं बघून उरलेल्या दोघांनीही. “अगं बाई! मीपण आहे. दहा वर्षांना माझे चार महिने राहिलेत. अकरा नावं, साहेब, आणि अकराही दहाव्या वर्षातली. काय वेचून काढलीत! बाजारात कोंबडीसुद्धा कुणी इतकी पारखून घेत नाही.”

कोपऱ्यातला प्रिंटर खरखरला. न्या देओलिंदा त्याच्यापाशी उभी होती, यादीची छापील प्रत हातात घेऊन.

“तीन दिवस,” ती म्हणाली. “वर्षभर आधी घालवलं असतंत तर म्हटलं असतं, नकोशी झाले. तीन दिवस म्हणजे बोटं मोडून मोजलेत, साहेब. आठ महिने माझ्याच हाताने माझा खड्डा खणून घेतलात. रोज माझ्या हातचा पेला पीत होतात, आणि आता विश्रांती म्हणता?”

साहेब पडदा बंद करायला वळले, तेवढ्यात तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. एरवी कागदाला घडी पडलेली तिला खपत नसे. त्यावरून तिने साहेबांनाही बोलून घेतलं होतं.

“तो कागद द्या इकडे.” साहेबांनी हात पुढे केला. “कंपनीचा आहे तो. कुठे ठेवलात?”

“यंत्राला विचारा.”

हात तसाच पुढे राहिला. न्या देओलिंदा आपल्या जागी बसली, पेला काठोकाठ भरला आणि त्या हातात ठेवला. पाळी त्यांचीच होती. पाळीचा पेला नाकारायची रीत नाही. साहेबांनी नळी तोंडाला लावली. चौघे बघत होते. पाणी बर्फाचं, तरी साहेबांच्या कानशिलावरून घाम ओघळला. शेवटी रिकाम्या शिंगातून खुर्रर्र आवाज आला.

न्या देओलिंदाने पेला घ्यायला हात पुढे केला.

“आता आभार म्हणा, साहेब.”