तीन महिन्यांच्या गोळ्या

सिस्टरने टेबलावर एकीच्या जागी तीन डब्या ठेवल्या, आणि सलूनवाल्याने त्यातल्या दोन तिच्याकडे परत सरकवल्या. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या होत्या त्या.

“रिपोर्ट झकास आहेत, दादा. आता दर महिन्याला हेलपाटा नको. थेट तीन महिन्यांनी तोंड दाखवा.”

“एकच द्या. घरात ठेवायला जागा नाही.”

“एवढ्याशा डबीला? काड्यापेटीत राहता की काय?” सिस्टर हसली.

घर चांगलं ऐसपैस होतं, आता तर नको तितकं. ज्याच्यासोबत राहायचं म्हणून त्याने ही गोळी सुरू केली, तो एचआयव्ही असलेला जोडीदार उन्हाळ्यातच चंबूगबाळं आवरून निघून गेला होता. गोळीची गरज उरली नव्हती. पण तसं सांगितलं असतं, तर या खोलीत यायचं कारणही संपलं असतं.

दिवसभर लोकांची डोकी त्याच्या हाताखाली असायची. कुणाची सून नांदत नाही, कुणाचा जावई पितो, सगळं त्याच्या कानावर. त्याला स्वतःला मात्र तिथे तोंड उघडायची सोय नव्हती. बहीण अजून मुली सुचवत होती. ‘काय म्हणतात तुमचे ते? बरे आहेत ना?’ असं अख्ख्या जगात एकटी सिस्टर विचारायची. ‘बरा आहे’ असं म्हणायला मिळावं, म्हणून तो महिनाभर जीव धरून बसायचा. तेवढं बोललं की जोडीदार अजून घरात असल्यासारखं वाटायचं.

“बाहेर रांग लागलीय, दादा.” सिस्टर डब्या पिशवीत भरू लागली.

“नाही, म्हणजे... तोही यायचं म्हणतोय,” तो घाईघाईने बोलून गेला. “पुढच्याच महिन्यात. तुमच्याशी बोलायचंय त्याला.”

सिस्टरचे हात थांबले. “अहो, मग आधी नाही का सांगायचं!” तिने दोन डब्या परत कपाटात ठेवल्या. “या, दोघंही या. शेवटचा नंबर घ्या, म्हणजे निवांत बोलता येईल.”

“येतो,” तो म्हणाला.

एक डबी खिशात घालून तो उठला. दारापर्यंत पोचतो न पोचतो, तोच मागून सिस्टरने सफाईवाल्या मावशींना हाक मारली.

“मावशी, इथे अजून एक खुर्ची आणून ठेवा हो. पुढच्या खेपेला दादा एकटे नाहीत.”