डब्यातली गाळणी

“आधी बूट काढ,” माई म्हणाली, “आणि मग त्या डब्यातली गाळणी काढ.”

दुरुस्तीवाला दारातच थबकला. चाळिशी उलटलेला बाप्या, हातात हत्यारांची पेटी, पण चेहरा असा की कुणी अंगावर गार पाणी ओतलंय. समोरासमोर त्याला कुणी असं बोलल्याला वर्षं लोटली होती.

“माई, गाळणी अशी काढता येत नाही.”

“एका मिनिटासाठी काढ. मी एक फोन करते, मग बसव पुन्हा आणि जा.”

डबे बसवल्याला सहा वर्षं झाली होती. घरोघरी, भिंतीवर. माणसं एकेका खोलीत एकेकटी, भेटीगाठी बंद, बोलायचं ते डब्यातून. आणि डब्याच्या पोटात गाळणी. इकडून शिवी गेली तरी तिकडे आशीर्वाद पोचायचा, आवाज मात्र ज्याचा त्याचाच. भांडणं मिटली, हे खरं. पण कुणी चार शब्द गोड बोललं, तर ते गाळणीचे समजून सोडून द्यायची सगळ्यांना सवय लागली.

दुरुस्तीवाल्याने बूट काढले. “घाई कसली एवढी?”

माईने टेबलावरचा कागद पुढे सरकवला. दोघींनी एका खोलीत राहण्याचा अर्ज. लेकीची सही झालेली, माईची जागा कोरी. बारा वाजेपर्यंत पाठवायचा होता. अशी परवानगी जन्मात एकदाच मिळायची, आणि सही केली की माईची ही खोली दुसऱ्याची.

“चांगलं आहे की. करा सही.”

“कशाच्या भरवशावर?” माई कडाडली. “ही माझी टिटवी. लहानपणी किंचाळली की तीन मजल्यांवरचे लोक विचारायला यायचे. तोंडाने माझ्याहून एक पायरी वरचढ. आणि डब्यात ऐकावं तर, ‘आई, जेवलीस का? आई, तुझ्याशिवाय करमत नाही.’ ही टिटवी आहे होय? हे पुस्तकातलं शहाणं पोर आहे.”

“गाळणी तशीच करते.”

“तेच तर म्हणतेय मी. गाळणीखाली खरं काय म्हणते ती, ते मला ऐकायचंय.”

तिने कागद पुन्हा जवळ ओढला. मग आवाज उतरला.

“सात वर्षांपूर्वी दारात उभं करून तिला म्हणाले होते, पुन्हा तोंड दाखवू नकोस. दारात काही गाळणी नव्हती बाबा. जसं बोलले तसं लागलं तिला. वर्षभर अबोला. डबे बसले त्या दिवशी तिचा पहिला फोन. मला वाटलं, डबे बसवणाऱ्यांनी करायलाच लावला असेल.”

“आणि तुम्ही?”

“मी कशाला माझी जीभ बदलू? सगळं गोडच होऊन जाणार ना! रोज सुनावते. काल म्हटलं, तुझ्या हातचं खाऊन नवरा पळाला, आता मला मारायला बोलावतेस का? तर ही खदाखदा हसत सुटली. त्या मेल्या गाळणीने काय विनोद सांगितला कुणास ठाऊक.”

दुरुस्तीवाला हसला. हसल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

“गेल्या महिन्यात म्हटलं, मी खोकून मेले तरी तुला पत्ता नसेल. दुसऱ्या दिवशी औषधाची बाटली दारात. डबा निरोपही पोचवतो वाटतं.” माईने पदराने कागदावरचं चहाचं वर्तुळ पुसलं. “इतकी हुशार पोर, पण सहा वर्षं त्याच खुर्चीवर आहे. मागून आलेले पुढे गेले. त्याचाही राग माझ्यावरच असेल. तिथे जाऊन रोज तिच्या डोळ्यांत तो राग बघत बसायचं, तर इथे एकटीने मेलेलं काय वाईट?”

दुरुस्तीवाला हातातला पेचकस फिरवत राहिला.

“माझा भाऊ रोज म्हणतो, तुझी आठवण येते,” तो शेवटी म्हणाला. “मी कधी उत्तर दिलं नाही. म्हटलं, गाळणी बोलतेय.”

“मग तू मूर्ख, मी मूर्ख. चढ स्टुलावर.”

“माई, फोनच्या पलीकडच्या माणसाने रीतसर अर्ज केला तरच गाळणी काढतात. आणि अर्ज करणाऱ्याची बढती कायमची बंद. आपणहून शिव्या मागून घ्यायला कोण जातंय? मी तर एकही अर्ज पाहिला नाही. असं गुपचूप काढलेलं कळलं, तर माझी नोकरी जाईल.”

“कोण सांगणार आहे? मी बोलले तरी गोडच ऐकू जाईल त्यांना.”

तो पुन्हा हसला आणि स्टुलावर चढला. घड्याळात पावणेबारा झाले होते. चार स्क्रू निघाले. माईने खालून स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

“एकच मिनिट,” ती पुटपुटली. “शिव्या दिल्या तरी चालेल. तिच्या स्वतःच्या असू देत.”

झाकण बाजूला झालं. दुरुस्तीवाल्याने टॉर्च लावला. मग वाकून, डोकं आत घालून बराच वेळ बघत राहिला.

“काय झालं? अडकली का?”

“माई,” त्याचा आवाज बदलला होता, “इथे बसवणाऱ्याची चिठ्ठी चिकटवलीय. वाचू?”

“वाच की. मला कुठे धड वाचता येतं!”

त्याने टॉर्च जवळ नेला. “‘लेकीच्या अर्जावरून दोन्ही घरच्या डब्यांत पहिल्या दिवसापासून गाळणी घातलेली नाही. अर्जातलं कारण: आईचं बोलणं जसंच्या तसं हवं. तिला कळवू नये, नाहीतर ती जपून बोलायला लागेल.’”