चौथी ओळ

चिहारू आराईने फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे कोरियन आडनावं लिहिली, उजवीकडे त्यांची झालेली जपानी आडनावं. चौथ्या ओळीपाशी तिचा हात जरा थांबला. मग तीही तिने लिहिली.

"एकोणीसशे चाळीस साली जपानी सरकारने आपल्या ताब्यातल्या कोरियातल्या लोकांना जपानी पद्धतीची आडनावं घ्यायला लावली," ती वर्गाकडे वळून म्हणाली. "आमचं खरं आडनाव पाक. पणजोबांनी आराई लावलं. कोरियन म्हटलं की लोक नाकं मुरडतात, म्हणून शाळेत हे मी आज पहिल्यांदाच सांगतेय."

ओसाकातल्या त्या अकरावीच्या वर्गात सगळ्यांच्या माना वर झाल्या. इतिहासाचे यानागावा सर खिडकीपाशी उभे होते. 'आपल्या घराचा इतिहास' हा विषय त्यांनीच दिला होता. कुणी आजोबांच्या बोटीबद्दल सांगेल, कुणी जुन्या दुकानाबद्दल, असं त्यांना वाटलं होतं.

"मग तुला आता पाक म्हणायचं की आराई?" मागून कुसुनोकीने विचारलं.

"काहीही म्हण. तुला लिहिता तर दोन्ही येत नाहीत."

वर्ग खदखदून हसला. कुसुनोकीही हसला. मग त्याची नजर फळ्यावर अडकली.

"अरे, ती चौथी ओळ बघा! ऱ्यूचं झालं यानागावा. सर, तुम्हीपण?"

पस्तीस चेहरे खिडकीकडे वळले.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण सतरा वर्षं ज्यांच्यासोबत चहा घेतला ते सहकारी सरांना आठवले. बायकोचं माहेर आठवलं. ते मूळचे कोरियन, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"क्यूशू बेटावर यानागावा नावाचं गाव आहे," ते म्हणाले. "नकाशात बघ."

"म्हणजे तुम्ही तिकडचे?"

सरांनी चिहारूकडे पाहिलं. ती त्यांच्याच जुन्या गल्लीतली. त्यांच्या आईला ती लहानपणापासून 'ऱ्यू आजी' म्हणायची. गेल्या हिवाळ्यात आई गेली, तेव्हा आलेल्या माणसांना जेवण चिहारूच्या घरातूनच आलं होतं.

चिहारू त्यांच्याकडे बघत राहिली. वाट पाहिली तिने. मग डस्टर उचललं.

"सर तिकडचेच आहेत," ती कुसुनोकीला म्हणाली. "उगाच घोळ नको." आणि तिने चौथी ओळ पुसून टाकली.

घंटा झाली.

"उभे राहा! नमस्कार!" वर्गप्रमुखाने पुकारलं.

तास संपल्यावर रोज वाकतो तसा सगळा वर्ग कमरेत वाकला. समोर सरही वाकले.

मुलं सरळ झाली. बाकं सरकली, डबे उघडले, कुणीतरी खिडकी ढकलली. सर अजून वाकलेलेच होते.