चारशे कोटींच्या पिक्चरमधली द्वारकाबाई

"दोन तिकिटांवर शो लागत नाही, मावशी," काउंटरवरची मेघा म्हणाली. "निदान पाच पाहिजेत."

द्वारकाबाईनं मागं वळून पाहिलं. मॉलमध्ये सकाळी दहाला जी माणसं असतात तीच होती, म्हणजे झाडणारी, पुसणारी आणि दारात उभी राहणारी. पिक्चर बघायला आलेले दोघंच, ती आणि तिचा नवरा पुंजाराम. सकाळच्या एसटीनं करमाडहून आले होते, आणि आता लगेच परत फिरायला मिळणार म्हणून नवरा खुशीत दिसत होता.

पिक्चर चारशे कोटींचा. पहिल्या आठवड्यात तिकीट साडेचारशेला होतं, तेव्हा पुंजारामनं साफ नकार दिला. भाव उतरू दे, मग बघू, असं तो वांग्यांविषयी बोलावं तसं बोलला. अख्ख्या शहरानं बहुतेक हेच ठरवलं असावं. दहाव्या दिवशी तिकीट नव्व्याण्णववर आलं, तरी कुणी फिरकेना. उद्या पिक्चर उतरणार होता. त्याचा हा एकच शो उरला होता.

मॅनेजर इंद्रजीत बाहेर आला. तरुण, सभ्य माणूस. दोघांसाठी एवढा एसी चालवणं परवडत नाही, दुपारी एक विनोदी पिक्चर आहे, छोटासा आहे पण मस्त चाललाय, तो बघा, असं त्यानं समजावून सांगितलं. असले महागडे पिक्चर आणखी दोन-तीन झोपले तर आमचंही काही खरं नाही, असंही बोलता बोलता बोलून गेला.

"मला दुसरा नाय बघायचा," द्वारकाबाई म्हणाली. "ह्याच्यात मी हाय."

इंद्रजीतनं पुंजारामकडे पाहिलं. पुंजारामनं छताकडे पाहिलं. हे वाक्य तो दोन वर्षं ऐकत होता. शेंद्र्याच्या माळावर शूटिंगला गर्दी हवी होती तेव्हा ट्रक भरभरून बायामाणसं गेली, त्यातली ही एक. दिवसभर उन्हात उभं राहून 'विजय असो' ओरडून आली, आणि तेव्हापासून हा गृहस्थ चारचौघांत तिला हिरोइन म्हणून हाक मारायचा. लोक हसायचे. तीही हसायची, पण तिला ते लागायचं. ह्या माणसानं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं.

तिनं कमरेची पिशवी सोडली. आत पाचशेची नोट होती, शूटिंगवाल्यांनी दिलेली, अजून न मोडलेली. ती तिनं काचेखालून सरकवली आणि पाच तिकिटं मागितली.

"रिकाम्या खुर्च्यांची तिकिटं काढतीस व्हय?" पुंजाराम कळवळला.

"रिकाम्या कशाला राहत्यात?" असं म्हणून तिनं शेजारी झाडणाऱ्या रत्नमालाचा हात धरला. रत्नमाला तीन वर्षं त्या थिएटरात झाडू मारत होती. प्रत्येक पिक्चरची शेवटची पाच मिनिटं तिला पाठ होती, सुरुवात मात्र एकाचीही पाहिलेली नव्हती. ती एका पायावर तयार झाली. दारावरचा वॉचमन राजकुमार थोडे आढेवेढे घेऊन तयार झाला. पाचवा कोण, असं कुणी विचारायच्या आत इंद्रजीतच म्हणाला, चला, मीही बसतो, लोक का येत नाहीत ते तरी कळेल.

अडीचशे खुर्च्यांत पाच माणसं बसली. तासभर राजा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसत होता, त्याच्यामागं आगी लागत होत्या, आभाळातून काहीबाही कोसळत होतं. द्वारकाबाईचं त्यात लक्षच नव्हतं. ती माणसं शोधत होती. पुंजाराम जांभई देत म्हणाला की तुझा सीन कापला असंल. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं आणि रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात राजा राजधानीत शिरला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लाखभर लोक उभे.

"थांब," पुंजाराम म्हणाला. "ती बघ तू."

तीच होती. हिरवं लुगडं, वर केलेला हात, वासलेलं तोंड. पण चार माणसं सोडून पलीकडेही तीच होती. तटावर तीच, देवळाच्या पायरीवर तीच, पार वेशीपाशी मुंगीएवढी दिसणारीही तीच. इंद्रजीतनं हळूच सांगितलं की माणसं थोडीच आणतात, बाकीची गर्दी त्यांच्याच नकला काढून कॉम्प्युटरवर भरतात. मध्येच शत्रूची नगरी दाखवली, तर तिथंही द्वारकाबाई हजर, तितक्याच जोरात शत्रूचा विजय मागत. रत्नमाला हसून हसून खुर्चीतून घसरायला आली.

"तिथं लाखभर माणसं छापली," राजकुमार म्हणाला, "तर इथं खुर्च्यांवर बी छापायची व्हती की, साहेब." इंद्रजीतलाही हसू आवरेना.

मिरवणूक परत आली तेव्हा द्वारकाबाईला राहवलं नाही. ती उठली, हात वर केला आणि दोन वर्षांपूर्वीसारखीच ओरडली. पाठोपाठ रत्नमाला उठली, राजकुमार उठला, मॅनेजरही उठला. पुंजारामनं इकडेतिकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि तोही उभा राहिला.

एकदा सुरू झाला तो थांबेचना. पडद्यावरची मिरवणूक सरली, गर्दी गेली, राजा महालात एकटाच गप्प बसला. आणि खाली अंधारात पुंजाराम हात वर करून, घसा बसेस्तोवर, द्वारकाबाईचा विजय असो म्हणून ओरडत राहिला.