पाचवं जाकीट

तिसरं गाणं संपायच्या आत प्रकाशला कळलं, की ड्रम त्याचे नाहीत.

त्यानं हेडफोन काढला, पुसला, पुन्हा लावला. तरीही नव्हते. 'असीरगड' बँडचा पहिला अल्बम सकाळीच इंटरनेटवर आला होता. नऊ गाणी, जुन्या धाटणीचं हेवी मेटल, आणि खाली ठसठशीत अक्षरात : ड्रम – प्रकाश. शाळेच्या ऑफिसात सगळ्यांना, अगदी मुख्याध्यापकांनाही, त्यानं लिंक पाठवली होती.

"कसं झालंय?" शिवणाच्या मशीनवरून त्याच्या बायकोनं, अलकानं विचारलं. लग्नसराईचे ब्लाउज चालले होते.

"हे मी वाजवलेलं नाही."

"नाव तर तुमचंच आहे."

"नाव माझं आहे, पाय दुसऱ्याचे आहेत! सलग सहा मिनिटं, पेडलवर दोन्ही पाय. माझा डावा चौथ्या मिनिटाला बसतो, माहीत नाही का तुला?"

अलकाला माहीत होतं. आठ वर्षं ऐकत होती. ड्रम मागच्या खोलीत असत. तो शाळेत गेला की दुपारी त्यावरची धूळ तीच झटकायची. बँडची काळी रेक्झिनची जाकिटंही तिनंच शिवली. माणसं चार, जाकिटं पाच झाली. पाचवं जरा लहान निघालं. "कापताना माप चुकलं," ती म्हणाली होती. भर मे महिन्यात बऱ्हाणपुरात रेक्झिन घालणाऱ्यांनी दुसऱ्याच्या चुका काढू नयेत, म्हणून कुणी बोललं नाही.

प्रकाश तडक विनायककडे गेला. विनायक गिटारवाला. सराव त्याच्याच लूमच्या शेडमध्ये व्हायचा, कारण चाळीस माग सुरू असताना हेवी मेटलची तक्रार करणार कोण?

"कोणाला बसवलं माझ्या जागी? इंदूरचा आहे?"

"इंदूर कशाला भाऊ, इथलंच माणूस आहे. तू चुलतभावाच्या लग्नाला देडतलाईला गेला होता ना, त्या दोन दिवसांत करून टाकलं."

"नाव?"

"नाव सांगायचं नाही, छापायचंही नाही, ही अट आहे. टेंशन काय घेतो यार? सब तुझीच तारीफ करून राहिले."

"आठ वर्षं, विनायक."

"म्हणून तर नाव तुझंच ठेवलं."

ही माफी होती की टोमणा, हे प्रकाशला घरापर्यंत ठरवता आलं नाही.

"देडतलाईला मी एकटाच गेलो," तो अलकाला म्हणाला. "तू तर इथंच होतीस. काही कानावर नाही आलं?"

"मशीनच्या आवाजात काय ऐकू येतं?"

"ते थांबव आधी. तुझ्या खडखडीनंच माझा ताल बिघडला."

अलकाचे पाय थांबले.

"मग रविवारी नेपानगरचा कार्यक्रम?"

"लोक अल्बम ऐकून येणार. माझे पाय बघतील आणि हसतील." त्यानं विनायकला फोन लावला. "रविवारी त्यालाच बसव. दिसू दे एकदा चोराचं तोंड." आणि कापला.

मिनिटभरात अलकाचा फोन वाजला. तिनं ऐकून घेतलं, "बरं" एवढंच म्हणाली. मग कपाटातून पाचवं जाकीट काढून प्रकाशसमोरच अंगात घातलं.

माप कुठंही चुकलेलं नव्हतं.