टायटॅनियमचं फावडं

आवाजाच्या तिप्पट वेगाने उडणारं आमचं बॉम्बफेकी विमान उपमंत्री ल्याखोवने एका बैठकीत गुंडाळलं. वर हसत म्हणाला, "एवढं टायटॅनियम पडलंय, त्याची फावडी करा! बटाटे तरी निघतील." विमान ज्यांनी आखलं, ते आमचे सावेली इग्नात्येविच त्या हसण्याने खचले ते खचलेच. वर्षाच्या आत त्यांना पुरून आलो.

विमान कापलं, तेव्हा त्याच्या नाकाच्या पत्र्याचं मी खरंच एक फावडं केलं. दाचावरचे, म्हणजे शहराबाहेरच्या बागघराकडचे, शेजारी दर हंगामाला बटाट्यांसाठी मागायचे. दिलं नाही.

ल्याखोव मेला, तेव्हा ते घेऊन दफनभूमीत गेलो. लोक मूठमूठ माती टाकून बाजूला झाले. मी मात्र फावडं भरभरून लोटत राहिलो. खड्डा खणणाऱ्यांनाही हात लावू दिला नाही.

त्याचा मुलगा ग्लेब गहिवरून जवळ आला. "तिखोन मत्वेयेविच, राहू द्या आता. इतकं कोरं करकरीत फावडं कशाला खराब करताय?"

"खराब कसलं, पोरा? तुझ्या बापाच्याच हुकमाने केलंय. आजच्या दिवसासाठी."