दहापैकी सहा

"ते शनिवारी येनारी बाई गोंडी बोलते आजी. आता मेलो मी," कुंदन म्हणाला.

तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या बायजाआजीनं मान वर केली नाही. "बोलू दे नं. मी बी बोलतो."

हाच तर घोळ होता.

केळझरला कुंदनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. संध्याकाळी तो घरी आजीला बाजेवर बसवायचा, मागच्या भिंतीवर पिक्चर लावायचा आणि समोर फोन उभा करायचा. पिक्चर संपला की आजी गोंडीत दोन मिनिटं बोलायची, हात हलवायची, शेवटी सहा बोटं दाखवायची. खाली मराठीत ओळी यायच्या. चॅनेलचं नाव 'बायजाचा निकाल'.

ओळी कुंदनच्या असायच्या. त्याला गोंडी येत नव्हती. लहानपणी बापानं होस्टेलात टाकलं, तिथं भाषा सुटली. भात, पाणी, ये, बस, एवढ्यावर गाडी अडली.

आधी तो स्वतःच्या नावानं लिहायचा. कुत्रंही वाचत नव्हतं. मोबाइलवाल्याचं मत कोणाला पाहिजे? तेच मत सुरकुतलेल्या गोंड बाईच्या चेहऱ्याखाली आलं, तर मुंबईचे लोक त्याला 'मातीतली समीक्षा' म्हणू लागले.

मतं मात्र कुंदनची खरीच होती. रिमेकवर तो लिहायचा, "हॉलिवूडचा पिक्चर उचलला, हिरोच्या अंगातलं जॅकेट काढून कुर्ता घातला, आन म्हनते आमचं लेकरू. अबे, लेकराचं नाक तरी बापासारखं पाहिजे." शहरातल्या ऑनलाइन समीक्षकांवर, "मौन बोलते म्हनते. मौन नाई बोलत, डायरेक्टरले डायलॉग सुचला नाई." आणि स्वतंत्र सिनेमावाल्यांवर, "गरिबाचा पिक्चर हाय म्हनून अंधारातच काढाचा काय? आमच्या घरी बी बल्ब हाय."

शूटिंग झालं की तो विचारायचा, "काय बोलली व आजी?"

"पिक्चरचंच."

"मंग चांगला म्हनू का बेकार?"

"तूच लिह्य बाबू. तुले समजते."

पंचाईत एकच होती. पिक्चर कसाही असो, आजीची बोटं सहाच. ती सगळ्यांना दिसायची, म्हणून धुऊन काढलेल्या पिक्चरलाही त्याला 'दहापैकी सहा' लिहावं लागे. लोक म्हणायचे, म्हातारी तोंडानं फटकळ, पण मनानं मोठी.

गडचिरोली, किनवटकडचे लोक कमेंटमध्ये भलतंच विचारायचे. पोरगं किती शिकलं? दारू पिते काय? कुंदन चिडून उत्तर द्यायचा, "हिरो बारावी नापास हाय, दारू पिऊनच मरते. आधी पिक्चर पाहा."

आणि आता ही रुपा मडावी. चंद्रपूरकडची. जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या आपल्या आईवर तिनं पिक्चर काढला होता. कुंदननं बल्बचं वाक्य तिच्यावरच झाडलं होतं. परवा तिचा मेसेज आला, 'शनिवारी येते. आजींना समोरासमोर ऐकायचं आहे.'

कुंदनला झोप नव्हती. तिशी उलटली होती. कारंज्याची सोयरीक दोन्ही घराण्यांच्या देवांची संख्या सारखी निघाली म्हणून मोडली होती; गोंडांत तेवढ्याच देवांची घरं भाऊ-भाऊ मानतात. दुकानात दिवसभर दुसऱ्याच्या फुटक्या काचा बदलायच्या. माणूस म्हणून त्याचं कोणी ऐकत असेल, तर ते या चॅनेलवर. रुपानं एक व्हिडिओ टाकला, की तो म्हातारीच्या तोंडून खोटं बोलणारा लबाड ठरणार. आणि आजीची बदनामी होणार ती वेगळीच.

रुपा दुपारी आली. चपला धुळीनं भरलेल्या, खांद्याला पिशवी. आजीच्या पाया पडून ओट्यावरच बसली, टोपलीतल्या चार शेंगा उचलून सोलायला लागली. मग गोंडीत काहीतरी विचारलं.

आजी खुलली. कॅमेऱ्यापुढं बोलायची तसंच बोलली. कुंदनकडं बोट केलं, घराकडं केलं, वावराकडं केलं. शेवटी सहा बोटं वर धरली. रुपानं तोंडावर हात ठेवला.

"सहा दिले आजीनं," कुंदन कसाबसा म्हणाला. मग त्यालाच राहवलं नाही. "हे पाहा मॅडम, मले गोंडी येत नाई. लिहिलं ते सगळं माझं हाय. शिव्या द्याच्या तं मले द्या, आजीचं नाव नका घेऊ. चॅनेल आजच बंद करतो."

"गोंडी येत नाई ते मले पहिल्या व्हिडिओलेच समजलं," रुपा म्हणाली. "तुमचं वाचून मी दोन दिवस नीट जेवली नाई. तिसऱ्या दिवशी पिक्चर पुन्हा पाह्यला. बल्बचं खरं होतं."

कुंदननं चॅनेल बंद करायला काढलेला फोन खाली ठेवला.

"आन बंद कायले करता? आमच्या गावात घरोघरी पाहून राह्यले. माझ्या मायले वाचता येत नाई, ते नुसती ऐकते. तिनंच पाठवलं मले."

"माझ्या शिव्या ऐकून?"

"आजीचं ऐकून."

"पन आजी काय म्हनते तुमच्या पिक्चरबद्दल?"

"आजी कोनत्याच पिक्चरबद्दल कधी बोलली नाई." रुपानं सोललेले दाणे टोपलीत टाकले. "दर वेळी एकच सांगते. फोनच्या मागं उभा हाय तो माझा नातू. दारूले शिवत नाई. तोंडाचा खराब, मनाचा साफ. आम्ही सहा देवाचे. जिले माझं बोलनं समजते, तिनं एकदा घर पाहून जावं."

कुंदन आजीकडं वळला. आजी त्याच्याकडं पाहतच नव्हती. तिनं रुपाकडं पाहून फक्त हनुवटी उचलली, तुमचे किती असं विचारल्यागत.

रुपानं एक पंजा उघडला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली.